पाऊल पुरत नाही तिथं

मा. आयुक्त,
परभणी शहर महानगरपालिका, परभणी.



मी परभणीत राहणारी, एकात्मिक बालविकास प्रकल्पातून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेली बाई आहे. नोकरीची सगळी वर्षं तीन ते सहा वयाच्या लेकरांच्या मागं गेली. वजन किती भरलं, लस राहिली का, खिचडी पोटभर खाल्ली का, हे बघता बघता त्यांच्या अंगाचं माप माझ्या डोळ्यांत बसलं. तीन वर्षांचं लेकरू शेजारी उभं राहिलं की त्याचा माथा मोठ्या माणसाच्या कमरेला लागतो. हे पत्र त्या मापाविषयी आहे.

गेल्या मे महिन्यात नात्यातलं एक लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. सोबत माझी नात, चार वर्षांची. वाटेत गाडी थांबली आणि तिला शीला लागली. जवळच एक सार्वजनिक शौचालय होतं. ते आपल्या हद्दीतलं नाही, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगते, ते घाणेरडं नव्हतं. फरशी नुकतीच धुतलेली, फिनाइलचा वास, दारात बसलेली बाई बोलायला मऊ. तिनं लेकराचे पैसेही घेतले नाहीत.

आत भांडं होतं ते मोठ्या माणसाचं. पाय ठेवायच्या दोन्ही खुणांत एवढं अंतर की नातीनं डावा पाय खुणेवर ठेवला की उजवा भांड्याच्या उतारावर यायचा. तिनं माझा पदर मुठीत धरला. माझ्या खांद्यावर पिशवी. भिंतीला खुंटी नाही, खाली ठेवावी तर सगळी फरशी ओली. एका हातानं तिचा दंड धरला, दुसऱ्यानं पिशवी सावरली. आम्ही दोघी आत गेल्यावर दार लागेना, म्हणून ते अर्धं उघडं ठेवून मी त्याला पाठ लावून उभी राहिले. बल्ब होता, पण माझीच सावली तिच्यावर पडलेली. "आज्जी, मी पडंन," ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, "मी धरलंय ना." आणि तिचा पाय घसरला, घोट्याच्या वरपर्यंत भांड्यात गेला.

लागलं नाही. पण ती रडलीसुद्धा नाही, नुसती ताठ झाली. लेकरू रडत नाही तेव्हा जास्त घाबरलेलं असतं, हे मला नोकरीनं शिकवलंय. पाय धुवायला गेलो तर तोटी माझ्या पोटाच्या उंचीला. तिला उचलून आडवी धरली आणि कसाबसा पाय धुतला.

गाडीत बसल्यावर मी बाटली पुढं केली तर तिनं तोंड फिरवलं. "पाणी पिलं की शू येती," म्हणाली. महोदय, परभणीचा मे महिना आपल्याला सांगायला नको. पारा ४३-४४ अंशांना टेकतो, खिडकीतून झळा येतात. घर येईपर्यंत साडेतीन तास त्या लेकरानं घोटभर पाणी घेतलं नाही. मी सगळी नोकरी आयांना "लेकराला पाणी पाजा" असं सांगत फिरले. माझ्याच मांडीवर बसलेली नात चार वर्षांच्या अकलेनं हिशेब करून तहान मारत होती, आणि तिचा हिशेब बरोबर होता.

हे एका लेकराचं नाही. लेकरं शी दाबून धरतात. दाबलेली शी आत कडक होते, कडक झाली की दुखते, दुखते म्हणून लेकरू पुन्हा दाबतं. हे चक्र एकदा सुरू झालं की महिनोन् महिने सुटत नाही. लघवी रोखणं आणि पाणी कमी पिणं यांनी मूत्रमार्गाला संसर्ग व्हायचा धोका वाढतो. मुलींना तो अधिक. दवाखान्यात आई सांगते, "काही खात नाही, पोट दुखतंय म्हणतो." शाळेतून येईपर्यंत, बाजारातून येईपर्यंत, मामाच्या गावाहून येईपर्यंत लेकरानं काय रोखून धरलं होतं, ते त्या केसपेपरवर कुठंच येत नाही.

आणि जी लेकरं रोखू शकत नाहीत ती नालीवर बसतात. आपणही पाहिलं असेल. मोंढ्यात, आठवडी बाजारात, दवाखान्याच्या भिंतीला, कुठंही आई चटकन बाजूला होते, लेकराची चड्डी खाली करते आणि त्याला नालीच्या कडेला धरते. येणारे-जाणारे नाक मुरडतात. "शौचालय समोर आहे, पण यांना सवयच नाही," असं मी सुशिक्षितांच्या तोंडून कितीदा ऐकलंय. मला ते बोलणं लागतं. ती आई अडाणी नाही. समोरच्या शौचालयात लेकरू बसू शकत नाही, त्याला अधांतरी धरून ठेवायला दोन हात लागतात, आणि तिच्या एका हातात दुसरं बाळ आहे, हे तिला कळतं. नालीच्या कडेला लेकराचे पाय जमिनीला टेकतात, उजेड असतो, आई समोर दिसते. तिनं जागा विचार करूनच निवडलेली असते.

लहान लेकराच्या शीची घाण नसते, अशी आपल्याकडं जुनी समजूत आहे. ती खोटी आहे. रोगजंतू लेकराच्या शीतही असतात, आणि त्याच नालीशेजारी दुसरं लेकरू खेळतं. शहर हागणदारीमुक्त म्हणून जाहीर करताना आपण मोठ्या माणसांचीच मोजदाद केली. देशात २०११ साली सहा वर्षांपर्यंतची लेकरं लोकसंख्येच्या साधारण १३ टक्के होती. त्याच जनगणनेत परभणी शहर तीन लाखांच्या पुढं होतं. तेच प्रमाण धरलं तर आपल्या शहरात चाळीस हजारांच्या आसपास माणसं अशी आहेत, जी बांधलेल्या शौचालयात मावत नाहीत.

मी टेप घेऊन मापं काढली आहेत, तीही लिहिते. तीन वर्षांचं लेकरू साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे ३७-३८ इंच. हात धुवायचं बेसिन आपण ३२-३३ इंचांवर बसवतो. त्याची कड लेकराच्या हनुवटीच्या वर जाते. कमोड १६ इंच उंच, आणि लेकराचा गुडघा जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर. त्यावर बसवलं की पाय लोंबकळतात, कंबर आत खचते, आणि पाय टेकलेले नसले की पोटाला जोर येत नाही. भारतीय भांडं वीस-बावीस इंच लांब. त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उकिडवं बसायचं तर तीन वर्षांच्या लेकराला मांड्या फाकवाव्या लागतात आणि मग तोल मागं जातो. कडी वर, दिव्याचं बटण वर, मगाचा दांडा मोठा, भरलेली बादली त्याच्यानं हलत नाही. यांतलं काहीच कुणी लेकराच्या वाईटावर उठून केलेलं नाही. नकाशा काढताना कागदावर फक्त मोठं माणूस उभं होतं, एवढंच.

हा कागद आपल्या महाराष्ट्रात एकदा बदलला गेलाय. ती गोष्ट पुण्याची आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९९ साली रत्नाकर गायकवाड पुण्याचे महापालिका आयुक्त होते. झोपडपट्ट्यांत सार्वजनिक शौचालयं बांधायचं काम त्यांनी नेहमीच्या ठेकेदारांऐवजी स्वयंसेवी संस्थांना खुलं केलं. त्या पुढच्या दोन-अडीच वर्षांत पुण्यात चारशेच्या वर शौचालयं उभी राहिली, दहा हजारांच्या वर आसनं. त्यांतलं मोठं काम मुंबईची स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि महिला मिलन यांनी केलं. महिला मिलन म्हणजे वस्त्यांमध्ये राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे बचतगट. शौचालय कसं असावं, हे त्यांना विचारलं गेलं, आणि त्यांतल्या काहींनी पुढं बांधकामाचा ठेकाही चालवला.

त्या बायकांनी सांगितलेली एक गोष्ट कुठल्याही अभियंत्याच्या ध्यानात आली नव्हती. सकाळच्या रांगेत लेकरू उभं राहिलं की मोठी माणसं त्याला मागं सारतात. कुणाला कामावर जायचंय, कुणाला भरायचंय पाणी; लेकराचं कोण ऐकतो? शेवटी ते बाहेरच बसतं. आत शिरायला मिळालंच, तर अंधार, बंद दार आणि मोठ्या भोकाची भीती. म्हणून त्यांनी लेकरांची शौचालयं वेगळी मागितली आणि मिळवली. भांडी लहान, भोक लहान, आणि उकिडवं बसल्यावर मागं कोलमडू नये म्हणून समोर धरायला मूठ. बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळी दारं, राखणाऱ्या कुटुंबाला तिथंच राहायला खोली, आणि महिन्याच्या थोडक्या पैशात सगळ्या कुटुंबाचा पास. स्पार्क आणि महिला मिलन यांनी पुण्यात अशी ११४ शौचालयं बांधली. मोठ्यांची दोन हजारांवर आसनं आणि लेकरांची पाचशे. महोदय, पाचशे हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तिथंच थांबले. मोठ्यांच्या दर चार आसनांमागं लेकरांचं एक, असं या राज्यात, आपल्यासारख्याच एका महापालिकेनं, पंचवीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

या कामाचा नमुना २००१ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत उभारला गेला, आणि तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान तो बघायला आले. वस्तीतल्या बायका तिथं होत्या. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ग्रामालय या संस्थेनंही वस्त्यांमध्ये लेकरांसाठी अशी निराळी शौचालयं केली. तिथंही तोच अनुभव: लहान लेकराला आडोसा फारसा नको असतो. त्याला उजेड हवा, बरोबरीची लेकरं हवीत आणि पाय टेकायला हवेत.

हा शेवटचा मुद्दा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. माझ्या बीटमधल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या, एका अंगणवाडीत लेकरांसाठी शौचालय झालं. बेबी टॉयलेट म्हणायचे सगळे. भिंतीवर पोपट, मोर, आंबा. उद्घाटन झालं, फोटो निघाले, आणि दोन महिन्यांनी मी भेटीला गेले तर त्याला कुलूप. आत सुतळीची रिकामी पोती. सेविकेला विचारलं तर ती खाली बघून म्हणाली, "मॅडम, पाणी कुठंय? आणि लेकरं बसतच नाहीत, रडतात." मी दार उघडायला लावलं. भांडं लहान होतं, हे खरं. पण खोलीला खिडकी नव्हती आणि दार लोखंडी, जड, आपोआप मिटणारं. लेकरांच्या दृष्टीनं ती कोठडी होती.

तिथल्या मिस्त्रीनं ते दुरुस्त केलं. त्याचीच मुलगी त्या अंगणवाडीत होती. त्यानं लोखंडी दार काढून टाकलं आणि लेकराच्या खांद्याएवढी आडोशाची भिंत घेतली. समोर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, अर्ध्या इंचाचा पाइप आडवा बसवला, धरायला. बाहेर हौदाला एक तोटी खाली, गुडघ्याच्या उंचीवर काढली. यासाठी त्याला वरून कुठला आदेश आला नव्हता. त्यानं मुलीला आधी नुसतं जमिनीवर बसवून बघितलं आणि तिचा हात जिथं आला तिथं खडूनं खूण केली. पाइप त्या खुणेवर बसला.

पुढं काही वर्षांनी मी पुन्हा त्या अंगणवाडीत गेले, तेव्हा पाइपाला दिलेला हिरवा रंग मधोमध पार उडालेला होता. दोन वितींची जागा चकचकीत झाली होती, देवळाच्या उंबऱ्यावरचं पितळ होतं तशी. कडेला रंग शाबूत, फक्त जिथं इवले इवले हात पडतात तिथं लोखंड उघडं. त्या शौचालयाचा वापर होतो का, हे मला वेगळं विचारावं लागलं नाही.

आता बापांविषयी. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या पिढीनं याचा विचारच केला नाही. आता बाप लेकरांना घेऊन फिरतात. मुलीला शाळेत सोडतात, दवाखान्यात नेतात, बागेत आणतात. चार वर्षांच्या मुलीला घेऊन बाप एकटा असेल आणि तिला लागली, तर त्यानं कुठं जायचं? बायकांच्या बाजूला त्याला जाता येत नाही, तिला एकटीला आत पाठवायला जीव होत नाही. पुरुषांच्या बाजूला न्यावं तर रांगेनं मुताऱ्या, आणि त्यांच्यासमोरून तिला घेऊन जायचं. दवाखान्याच्या आवारात मी एका तरुण बापाला अनोळखी बाईला विनवताना पाहिलंय, "ताई, एवढं हिला आत घेऊन जाता का?" त्या बाईनं नेलं. पण आपली मुलगी अशी परक्याच्या हाती देताना त्या माणसाचा चेहरा कसा झाला होता, ते मी विसरलेले नाही.

बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी या राज्यात मोठी झुंज झाली. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ साली महापालिकांना आदेश दिले. मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम बायकांनी वर्षानुवर्षं चालवली. त्याबद्दल मला फार आदर आहे. पण लेकराचं आसन बायकांच्या विभागात सरकवून दिलं की काम झालं, असं यापुढं होऊ नये. लेकरू एकट्या आईचं नसतं. अमेरिकेत २०१६ साली कायदा झाला, की केंद्र सरकारच्या ज्या इमारतींत लोकांची ये-जा असते तिथं बाळाचे कपडे बदलायची फळी बायकांच्या आणि पुरुषांच्या अशा दोन्ही स्वच्छतागृहांत हवी. जपानमध्ये अनेक शौचालयांत कोपऱ्यात भिंतीला एक छोटी खुर्ची असते, तान्हं बाळ तिच्यात पट्ट्यानं बांधून बसवायचं आणि आईनं किंवा बापानं निर्धास्त उरकायचं. आपल्याकडं एकटी आई तान्ह्याला घेऊन शौचालयात गेली तर बाळ कुठं ठेवते? मी स्वतः मांडीवर घेऊन बसलेली आहे. बहुतेक आया बसलेल्या आहेत.

म्हणून माझी मागणी अशी, की लेकरांची जागा बायकांच्या आणि पुरुषांच्या विभागांच्या मधे असावी, समोरून उघडी, राखणाऱ्याच्या नजरेसमोर. स्वतंत्र खोली नको. सहा फूट बाय चार फुटांत दोन लहान भांडी बसतात, मधे गुडघ्याएवढी भिंत. समोर धरायला पाइप. एक तोटी खाली, एक लहान मग. वर छप्पर, भरपूर उजेड. आई-बापाला शेजारी उभं राहायला जागा आणि पिशवी अडकवायला खुंटी. जिथं एवढीही जागा नाही, तिथं निदान प्रत्येक विभागातल्या एका भांड्यापुढं पाइप आणि खुंटी, आणि बेसिनखाली एक पक्की पायरी. हलणारं स्टूल नको, ते महिनाभरात गायब होतं. अपंगांसाठी जिथं मोठी खोली केलेली असते, तिथं दाराला कुलूप न लावता लेकरू घेऊन आलेल्या माणसालाही ती वापरू द्यावी.

खर्चाचं आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. लहान भांडं बाजारात मिळतं, पाइप कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात. सगळं नवं बांधा, असंही मी म्हणत नाही. सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं, राखणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, आणि अंदाजपत्रकात ५ टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायची असते. त्यातून शिलाई यंत्रं दिली जातात, प्रशिक्षणं होतात. ती होवोत. पण 'बाल' हा शब्द त्या नावात आहे, आणि तीन वर्षांच्या बालकाला शिलाई यंत्राचा उपयोग नाही.

मापासाठी परगावच्या सल्लागाराकडं जायची गरज नाही. आपल्याच शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, आणि त्याचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, ज्याला आम्ही अजून गृहविज्ञानच म्हणतो. शेतात राबणाऱ्या बायकांच्या अंगाला सोपी पडतील अशी अवजारं आणि साधनं तिथल्या बायांनी अभ्यासून काढली. मानव विकासाचा विभाग तिथं आहे, बालवाडीच्या वयाच्या लेकरांत त्यांचं रोजचं काम आहे. मराठवाड्यातल्या लेकराची मांडी किती, पाऊल किती, हात किती उंच पोचतो, हे त्यांच्याइतकं कोण सांगेल? एक पत्र आपण त्यांना पाठवलं तर आपल्या अभियंत्यांच्या टेबलावर आपल्याच लेकरांची मापं येतील.

पाण्याचं मला माहीत आहे. परभणीत नळाला पाणी किती दिवसांच्या अंतरानं येतं, हे घरातल्या प्रत्येक पिंपाला ठाऊक आहे. येलदरी धरण भरलं तरी आणि नाही भरलं तरी आपल्या बायका पाण्याचा हिशेब करूनच जगतात. शौचालयाला पाणी नसेल तर पोपट-मोरांची चित्रं काढू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे; त्या अंगणवाडीनं मला ते शिकवलंय. आधी टाकी, मग तोटी, मग भांडं, आणि रंग सगळ्यांत शेवटी. लेकराच्या लहान भांड्याला पाणीही थोडं लागतं. मोठ्या भांड्याच्या बाहेर झालेली घाण धुवायला जितक्या बादल्या लागतात, त्यापेक्षा तर नक्कीच थोडं. सफाई करणाऱ्या मावशींना विचारून बघा. लेकरं आत आली की काम वाढतं, म्हणून त्या कधी कधी त्यांना हाकलतात, हे मी पाहिलंय, आणि मी त्यांना दोष देत नाही. भांड्याच्या कडेनं, फरशीवर, पायरीवर झालेलं त्यांनाच उचलावं लागतं. लेकरू नीट बसू शकलं तर पहिला दिलासा त्यांना मिळेल.

सुरुवात कुठून करावी, याचाही मी विचार केला. तीन जागा डोळ्यांसमोर येतात. राजगोपालाचारी उद्यान, कारण तिथं येणारी निम्मी माणसं लेकरंच असतात. मोंढा आणि बाजाराचा भाग, कारण जिंतूर, पाथरी, मानवत, पूर्णा, गंगाखेडहून आलेल्या बायका लेकराला कडेवर घेऊन दिवसभर तिथं असतात आणि त्यांना घरी पळत जाऊन यायची सोय नसते. आणि तिसरा हजरत तुराबुल हक साहेबांचा उरूस. फेब्रुवारीत सगळा जिल्हा तिथं लोटतो, हिंदू-मुसलमान सगळे. पाळणे, खेळणी, मिठाई, आणि लेकरं. मोठ्या गर्दीत लेकराला लागली की आई-बाप कसे कासावीस होतात, हे तिथं संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. त्या पंधरा दिवसांसाठी तात्पुरती शौचालयं उभी करतानाच चार लहान आसनांची एक उघडी रांग करून बघावी. जमिनीत पक्कं काही करायचं नाही, उरूस उठला की उचलायचं. काय चुकलं, पाइप किती उंच हवा, रांग कुठं हवी, हे सगळं तेवढ्यात समजेल, आणि मग उद्यानातलं पक्कं बांधकाम त्या अनुभवावर करता येईल.

एक विनंती मात्र फार मनापासून. बांधून झालं की उद्घाटनाच्या आधी ते लेकरांकडून तपासून घ्या. मोठ्या माणसांनी आत डोकावून "छान झालंय" म्हणण्याला काही अर्थ नाही. त्या मिस्त्रीनं मुलीला आधी बसवून बघितलं आणि मग खूण केली, तसं. शहरातल्या अंगणवाडीची वीस लेकरं मी स्वतः घेऊन येईन. सेविका माझ्या ओळखीच्या आहेत, आयांना मी समजावून सांगेन. माझी नातही येईल. ती आता पाच वर्षांची होईल आणि बाहेर गेल्यावर पाणी पिण्याआधी अजून मला विचारते, "इथं कसलं आहे?"

बरोबर आपला अभियंता आणि एक खडू असला की झालं. कुठला पाय टेकत नाही, कुठला हात पोचत नाही, कोण आत जायला घाबरतं आणि का, ते तासाभरात दिसेल. फक्त बोलवाल तेव्हा सकाळी अकराच्या आत बोलवा. त्यानंतर लेकरांना भूक लागते आणि मग ती कुणाचंच ऐकत नाहीत.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका
परभणी